तिसऱ्या खाल्ल्या, आता काय? गरोदरपणातली मासळी, पाणी आणि भीती

तुम्ही लिहिलंय की पंधरावा आठवडा चालू आहे. बारा दिवसांपूर्वी घरच्यांबरोबर किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये जेवलात, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं खाल्लंत, दोन वाट्या सोलकढी प्यायलात. घरी आल्यावर मोबाईलवर वाचलंत की शिंपल्यातली मासळी गरोदरपणात धोक्याची असते आणि लिस्टेरिया नावाच्या जंतूची लागण सत्तर दिवसांनीही दिसू शकते. तेव्हापासून मासळी बंद, अंडं बंद, पनीर बंद. वरणभात, टोस्ट आणि चहा यांवर दिवस काढताय आणि वजन दीड किलोनं उतरलंय. सासूबाईंनी पपई, अननस आणि बांगडा 'उष्ण' म्हणून आधीच काढून टाकले होते. आता विचारताय की बाळाला काही झालं असेल का, कुठली तपासणी करावी आणि खायचं तरी काय.

मी गोव्यातल्या फोंडा भागात बरीच वर्षं बाळंतपणं करते. हा प्रश्न शब्द बदलून दर आठवड्याला माझ्यासमोर येतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. मी तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

आधी तिसऱ्यांचं. बारा दिवसांत ताप नाही, जुलाब नाहीत, पोटात कळा नाहीत, तर त्या जेवणानं पोट बिघडायचं असतं तर ते एव्हाना बिघडलं असतं. दूषित अन्नाचे बहुतेक त्रास काही तासांत, फार तर तीनचार दिवसांत उठतात. उशिरा दिसणारे थोडे असतात: टायफॉइड, अ आणि ई प्रकारची कावीळ आणि तुम्ही वाचलेला लिस्टेरिया. त्यांच्यासाठी आज करण्यासारखं काम एकच, लक्ष ठेवणं. ताप १००.४ अंशांवर गेला, अंग मोडून आलं, लघवी गडद पिवळी झाली, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि हे जेवण कधी झालं ते सांगा. यातलं काहीच नसेल तर तपासणी नको. लक्षणं नसताना लिस्टेरियाची तपासणी करून हाती काही लागत नाही. ताप असेल तेव्हा रक्ताचं कल्चर करतात आणि लागण निघाली तर अँपिसिलिनसारखं जुनं, गरोदरपणात चालणारं औषध देतात. ताप लवकर दाखवला तर बाळाला वाचवायला हाताशी उपाय आहे, हे लक्षात असू द्या.

इथेच एक आडवळण घेते, कारण पुढे तुम्हाला कुणीतरी 'टॉर्च टेस्ट करून घे' म्हणणार. गर्भाला बाधू शकणाऱ्या काही लागणी शोधणारी ही रक्ताची चाचणी, लॅबमध्ये ती कुणालाही करून मिळते. तिच्यात आयजीजी पॉझिटिव्ह आलं की घरात सुतक उतरल्यासारखं होतं. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे ती लागण कधीतरी, बहुधा लहानपणीच, होऊन गेली आणि शरीरानं तिच्याशी लढायची तयारी ठेवली आहे. ही बहुतेक वेळा चांगलीच बातमी असते. कारण नसताना केलेल्या या चाचणीपायी रडवेल्या झालेल्या मुली मी इतक्या पाहिल्या आहेत की आता कुणी रिपोर्ट पुढे केला तर मी आधी विचारते, 'ही सांगितली कोणी?'

आता खरा प्रश्न. तो तिसऱ्यांचा नाही असं मला वाटतं. तुम्ही वाचलेली यादी दुसऱ्या देशातल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे, सासूबाईंची यादी दुसऱ्या काळासाठी, आणि तुम्ही दोन्ही याद्या एकावर एक ठेवून उरलं तेवढंच खाताय. उरलं काय, तर टोस्ट.

परदेशी याद्यांमध्ये लिस्टेरिया सगळ्यांत वर का असतो ते समजून घ्या. हा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो. म्हणून जिथे माणसं पाकिटातलं शिजवलेलं मांस, धुरावलेला मासा, कच्च्या दुधाचं मऊ चीज गरम न करता थेट फ्रिजमधून ताटात घेतात तिथे तो मोठा शत्रू. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली पोलोनी नावाच्या अशाच तयार सॉसेजमधून साथ पसरली. हजाराहून अधिक माणसांना लागण झाली, दोनशेवर दगावली आणि त्यांत नवजात बाळं बरीच होती. आपल्याकडे हा आजार होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण आपलं रोजचं जेवण चुलीवरून उकळतं उतरतं आणि चांगल्या उकळीपुढे हा जंतू टिकत नाही. तुम्ही पनीर सोडलंत ते या यादीतल्या मऊ चीजमुळे. पनीर तर तापवलेलं दूध फाडूनच करतात. घरी केलेलं ताजं पनीर भाजीत शिजवून बिनधास्त खा. दुकानात उघड्यावर पाण्यात तरंगणारं घेऊ नका आणि कच्चं चिरून सॅलडमध्ये टाकू नका, एवढंच.

मग आपल्या यादीत सगळ्यांत वर काय? पाणी. मला विचाराल तर पहिलं पाणी, दुसरं पाणी आणि मग बाकीचं.

ई प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून पसरते. एरवी धडधाकट माणूस ती काही आठवड्यांत झटकून टाकतो. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, तिचं रूप पालटतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे त्या काळात लागण झालेल्यांपैकी शंभरात वीस-पंचवीस बायकांपर्यंत दगावू शकतात. हा आकडा घाबरवायला देत नाही. तुमची काळजी नेमकी कुठे खर्च करायची ते कळावं म्हणून देते. तिसऱ्यांच्या धसक्यानं बारा रात्री झोप नाही, आणि त्याच दिवशी प्यायलेल्या सोलकढीतलं पाणी कुठलं होतं हा प्रश्न तुमच्या मनातही आला नाही. सोलकढी शिजवत नाहीत. आमसुलं भिजवायला पाणी, नारळाचा रस काढायला पाणी, वरून हात आणि गाळणं, आणि मग उकाड्यात पातेलं तासन् तास उघडं. त्या ताटातला जास्त शंकास्पद पदार्थ तोच होता. घरी उकळून थंड केलेल्या पाण्यात केलेली, तासाभरात संपवलेली सोलकढी खुशाल प्या.

पाण्याच्या बाबतीत बरंच काही तुमच्या घरावर अवलंबून आहे. ओपा, अस्नोडा, साळावली इथून येणारं नळाचं पाणी शुद्ध करून सोडलेलं असतं, पण ते तुमच्या जमिनीखालच्या टाकीत आणि छपरावरच्या टाकीत किती दिवस बसतं आणि टाकी शेवटची कधी धुतली, ते तुम्हालाच ठाऊक. विहिरीचं पाणी असेल तर पावसात जास्त जपा. आपला जांभा दगड सच्छिद्र, शोषखड्डा आणि विहीर एकाच आवारात, आणि जूननंतर जमिनीतलं पाणी वर चढलेलं. विहीर स्वच्छ दिसते, चवही गोड लागते. दिसण्यावर जाऊ नका. फिल्टर असो वा नसो, गरोदर बाईसाठी पाणी खळखळ उकळी फुटून मिनिटभर चालू द्यावं आणि त्याच भांड्यात झाकून निववावं. ओतून घ्यायचं, आत हात किंवा पेला बुडवायचा नाही. बाहेर जाताना हेच बाटलीतून न्या. बर्फ, उसाचा रस, पाणीपुरीचं पाणी, लग्नातलं सरबत ही सगळी पाण्याचीच रूपं, ती बाळंत होईपर्यंत सोडून द्या. वाड्यावर काविळीचे रुग्ण निघाले असतील तर दात घासायलाही उकळलेलंच पाणी घ्या.

आता मासळी. गोव्यातल्या बाईला 'मासळी सोड' सांगणं सोपं, पण तिच्या ताटात त्या जागी काय येणार याचं उत्तर कोणी देत नाही. मासळीत चांगलं प्रथिन आहे, आयोडीन आहे, ब-१२ आहे आणि बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना लागणारी डीएचए नावाची चरबी आहे. ही चरबी तेलकट लहान मासळीत भरपूर, म्हणजे आपल्या तारल्यांत आणि बांगड्यांत. तुमच्या घरात नेमका बांगडाच बंद झाला.

भीती असते ती पाऱ्याची. पारा समुद्रात लहान जीवांपासून मोठ्या माशांत चढत जातो. मोठा मासा लहानांना खातो, बरीच वर्षं जगतो आणि पारा त्याच्या मांसात साठत राहतो. म्हणून मोरी (शार्क) आणि तलवार मासा गरोदरपणात नको, मोठे टुना क्वचितच. अमेरिकी यादीत टाळायला सांगितलेला 'किंग मॅकरेल' हा तिथल्या समुद्रातला मोठा शिकारी मासा, आपल्या इसवणीच्या कुळातला. वीतभर बांगड्याचा त्याच्याशी संबंध नाही. इसवण मी बंद करत नाही. लहान इसवणीचे तुकडे आठवड्यातून एकदा चालतील, मोठ्या इसवणीचे रोज नकोत. बांगडे, तारले, मुडदुशा, लेपे, वेर्ल्या, सुंगटं यांना माझी मोकळीक. आठवड्याला दोनतीन वेळा मिळून सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम हे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचं प्रमाण गर्भवतींसाठीच आहे आणि मला ते पटतं. आपल्याकडे त्याहून थोडं जास्त खाल्लं जातं. मासळी लहान असेल तर मी त्यावरून वाद घालत नाही.

दुसरी भीती फॉर्मलिनची, म्हणजे मासळी टिकावी म्हणून लावतात त्या रसायनाची. २०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या परराज्यातल्या मासळीवरून जो गदारोळ झाला आणि सरकारनं काही काळ बाहेरची मासळीच बंद केली, त्याची धास्ती अजून घरोघरी आहे. त्यानंतर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या फॉर्मलिन ओळखणाऱ्या तपासणीपट्ट्यांचं नावही लोकांच्या कानावर आलं. घरी ओळखायची म्हणून ज्या खुणा सांगतात, माशी बसत नाही वगैरे, त्यांवर माझा फारसा भरवसा नाही, कारण बर्फात गाडलेल्या मासळीवरही माशी बसत नाही. त्यापेक्षा नेहमीची मासेविक्रीण धरून ठेवा आणि तिला सांगा की घरात गरोदर मुलगी आहे. आमच्याकडच्या बाया असं सांगितल्यावर 'आज नको बाय, उद्या ये' म्हणतात, हा माझा अनुभव. मासा घेताना कल्ले लालसर, डोळा फुगीर, बोट दाबलं तर मांस परत वर येणारं असं पाहा आणि घरी आणून भरपूर वाहत्या पाण्यात धुवा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारात येणारी बरीच मासळी लांबून प्रवास करून येते. या काळात पारा-फॉर्मलिनपेक्षा मला काळजी वाटते ती बर्फ कमी पडलेल्या बांगड्याची. बांगडा, तारले, टुना असे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते तळूनही जात नाही, उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लालेलाल, अंगाला खाज, डोकं ठणकणं. लोक म्हणतात मासळी बाधली. जिभेला चुरचुरलं तर तो तुकडा तिथेच टाका. पावसात नदीची, खाजनातली ताजी मासळी मिळाली तर ती घ्या, नाहीतर दोन महिने अंडी आणि कडधान्यांवर भर द्या. सुकी मासळी चालते. गालमो (सुकी बारीक सुंगटं) किंवा सुका बांगडा नीट धुऊन, भाजून, कधीतरी किसमुरीत. मात्र त्यात मीठ फार. रक्तदाब वर असेल किंवा पायावर सूज असेल तर मी नाहीच म्हणते.

राहिल्या तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवं. शिंपल्यातले हे जीव पाणी गाळून जगतात, दिवसाला कित्येक लिटर. म्हणजे खाडीत सांडपाणी आलं की त्यातले जंतू, काविळीच्या विषाणूंसकट, त्यांच्या पोटात जमतात. त्यामुळे इथे परदेशी यादी पूर्ण चुकीची नाही. कच्चं कालव, वर लिंबू पिळून, हा प्रकार गरोदरपणात अजिबात नको. आपलं सुकं वेगळं, ते शिजलेलं असतं. फक्त एक सवय बदला. तिसऱ्यांचं तोंड उघडलं म्हणजे त्या शिजल्या असं आपण धरतो. उघडल्यानंतरही चारपाच मिनिटं झाकण ठेवून चांगल्या वाफवा, आणि ज्या उघडल्याच नाहीत त्या फेकून द्या. माझ्या पेशंटना मी पावसाळ्यात तिसऱ्या बंद सांगते आणि एरवी घरी शिजवलेल्या थोड्या खायला हरकत घेत नाही. काही डॉक्टर नऊ महिने सरसकट बंद करतात, त्यांच्याशी मी भांडणार नाही.

घरातलं अन्न म्हणजे सुरक्षित, असंही धरून चालू नका. काल्ची कडी घ्या. रात्रीचं हुमण, म्हणजे मासळीची कढी, सकाळी आटवून पोळीशी किंवा पावाशी खायचं सुख मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. पण आपल्या आज्ज्या ते मातीच्या भांड्यात चुलीच्या उबेवर ठेवायच्या, निजताना पुन्हा उकळायच्या आणि पहाटे पुन्हा. आता ते गॅसच्या ओट्यावर आठनऊ तास तसंच पडून असतं. तीसबत्तीस अंशांच्या दमट हवेत, नारळ घातलेल्या कढीत, रात्रभर. काही जंतू असे असतात की सकाळच्या उकळीनं ते मरतात, त्यांनी आधी सोडलेलं विष मात्र मरत नाही. भाताचंही तेच. म्हणून जेवणं झाल्यावर तासा-दोन तासांत उरलेलं उथळ भांड्यात काढून फ्रिजमध्ये, सकाळी लागेल तेवढंच बाहेर, आणि मधोमध बुडबुडे फुटेपर्यंत उकळायचं. कोमट करून खायचं नाही. एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रिजमध्ये जाणार नाही. पावसात वीज जाते तेव्हा फ्रिजचं दार उघडू नका. बंद दारात चारेक तास थंडावा टिकतो. पूर्ण रात्र वीज नसेल तर आतली मासळी आणि दूध तुमच्यासाठी बाद, मग ते कितीही महागाचं असो. माझ्याकडे जुलाब-उलट्यांनी येणाऱ्या गरोदर बायकांत शॅकमध्ये जेवलेल्या थोड्या. अशा पावसाळी रात्रीनंतरच्या जास्त.

मोड आलेले मूग कच्चे खाऊ नका, मूगागाठी करून खा. अंडं आतून घट्ट होईपर्यंत शिजवा. पालेभाजी, अळू, तायकिळो सगळं धुऊन शिजवलेलं चालतं. चोरीस खात असाल तर ते कच्चं खारवलेलं मांस आहे हे ध्यानात ठेवून आतपर्यंत शिजवा. कलेजी पहिल्या तीन महिन्यांत टाळा, नंतरही क्वचितच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर असतं. पावसात बाजारात येणारी अळमी (रानातली अळंबी) ओळखीच्या, नेहमीच्या माणसाकडूनच घ्या. कुणी रानातून आणून दिली तर नम्रपणे नको म्हणा.

बाहेर खायचं झालं तर पदार्थाचं नाव विचारू नका, तो आत्ता आगीवरून उतरला का एवढं बघा. संध्याकाळच्या गाड्यावरचं रोस आमलेट घ्या. समोर फोडलेलं अंडं, तव्यावर पूर्ण शिजलेलं, वर उकळता रोस. मला त्यात चिंता नाही. चिंता आहे वरून भुरभुरलेल्या कच्च्या कांद्याची, कोथिंबिरीची आणि पाण्याच्या ग्लासाची. कांदा नको सांगा आणि खा. चतुर्थीच्या दिवसांत दहा घरी जाणं होईल. वाफवलेल्या पातोळ्या, उकडीचे मोदक, खतखतं ही उत्तम. पंचामृत मात्र बहुतेक ठिकाणी कच्च्या दुधाचं असतं आणि तीर्थाचं पाणी कुठलं ते भटजींनाही ठाऊक नसतं. हात पुढे करा, डोळ्यांना लावा, देव समजून घेईल. तुमच्या घरी असेल तर दूध तापवून निववून घ्यायला सांगा.

सासूबाईंच्या यादीबद्दल. पपईच्या बाबतीत त्यांचं अर्धं बरोबर आहे: कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशय आकुंचन पावेल असे घटक असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, म्हणून कच्ची पपई, तिची भाजी, तिचं लोणचं नको. झाडावर पूर्ण पिकलेली, केशरी, चीक नसलेली पपई वेगळी. तिची चारदोन फोडी खाल्ल्यानं गर्भ पडत नाही. अननसाच्या फोडी तशाच. पण मी सुनांना सांगते की पिकल्या पपईवरून घरात महाभारत करू नका. पपईला पेरू आहे, चिकू आहे, केळं आहे. बांगड्यावरून मात्र करा, किंवा तुमच्या डॉक्टरांना करू द्या. पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरी लवकर रुजतं, आणि त्यांच्या भीतीमागे बहुधा एखादी जुनी गोष्ट असते, कुणाचातरी गेलेला गर्भ, ती सांगायलाही त्यांना जागा मिळते.

काजूच्या हंगामात उर्राक नको, फेणी नको, 'औषधापुरती' सुद्धा नको. दारूचं गरोदरपणात सुरक्षित असं प्रमाण ठरलेलंच नाही. निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, ताजा काढलेला गोड असतो खरा, पण तो काही तासांत आंबायला लागतो आणि गाळला कुठे, भरला कशात याचा पत्ता नसतो, सोडून द्या.

आता वजनाकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते तेच. पंधराव्या आठवड्यात वजन उतरणं उलट्यांमुळेही असू शकतं, पण तुम्ही लिहिलंय की भूक आहे, खायची भीती वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी आढळलं. टोस्ट-चहाच्या आहारावर तुम्ही त्यांच्यात जायला वेळ लागणार नाही. त्यात चहा जेवणाबरोबर घेतला की अन्नातलं लोह शोषायला अडथळा होतो. चहा-कॉफी दिवसाला दोन कप ठेवा आणि जेवणाच्या आगेमागे तासभर नको. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची दुसऱ्या वेळेला, दोन्ही एकत्र नकोत. भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते, आणि मातीतून जंत आणि शिसं पोटात जातं.

उद्यापासून एकदम सगळं सुरू करायला मन धजणार नाही, तर असं करा. उद्या घरचं एक अंडं, पूर्ण उकडलेलं. परवा ओळखीच्या मासेविक्रीणीकडचे दोन तारले किंवा एक बांगडा, स्वतःसमोर तळलेला. त्या दिवशी गरम पेज आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं) असेल तर उत्तम. खारात मुरलेल्या लोणच्याची धास्ती नको, फक्त फोड एकच. तीनचार दिवसांनी पनीर, उसळ. प्रत्येक वेळी मनात तेच दोन प्रश्न: पाणी कुठलं, आणि उकळी कधी फुटली? दोन्हींची उत्तरं ठाऊक असतील तर जेवा. घास घशाखाली उतरतच नसेल, छातीत धडधडत असेल, दिवसभर तेच विचार येत असतील तर तेही तुमच्या डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात अशी चिंता आजारासारखी बळावू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत.

शेवटी, थांबायचं कधी नाही ते. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात, घोटघोट. घरात पडलेलं अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका. आठ तास लघवी नाही, शौचातून रक्त, ताप, पोटात राहून राहून कळा, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, डोळे पिवळे, किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट न बघता जवळच्या रुग्णालयात. रात्री वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेतल्या माणसाला किती आठवडे झालेत ते आधी सांगा, म्हणजे तो बाळंतपणाची सोय असलेल्या ठिकाणी नेईल. जाताना तपासण्यांची फाइल आणि गेल्या चार दिवसांत काय, कुठे खाल्लं त्याची चिठ्ठी बरोबर ठेवा.